केनानचे सुरुवातीचे अल्बम : मोगादिशूहून निघालेला रॅप

केनान या सोमाली-कॅनेडियन रॅपरचे गाणे आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर पडले ते २०१० च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या दिवसांत, कोकाकोलाच्या जाहिरातीतून. झेंडा फडकवण्याचे ते गाणे ऐकून त्याचे आधीचे काम ऐकायला घेणाऱ्याची थोडी फसगत होते, मात्र ती फायद्याची असते. २००५ मध्ये निघालेला ‘द डस्टी फूट फिलॉसॉफर’ हा त्याचा पहिला स्टुडिओ अल्बम मी गेली अनेक वर्षे ऐकत आलो आहे. आता सगळेच ऑनलाइन सहज मिळत असल्यामुळे तो आणि त्यानंतरचा २००९ चा ‘ट्रूबाडूर’ हे दोन्ही पुन्हा सलग ऐकून हे परीक्षण लिहीत आहे. आधीच सांगून टाकतो की माझे माप पहिल्याच्या बाजूने झुकलेले आहे.

केनान अब्दी वारसामे याचा जन्म १९७८ चा, सोमालियाची राजधानी मोगादिशूतला. आजोबा हाजी मोहम्मद कवी होते आणि सोमालियाची गाजलेली गायिका मगूल ही त्याच्या जवळच्या नात्यातली, त्यामुळे शब्द आणि सूर घरातच होते. वडील आधीच न्यूयॉर्कला गेलेले होते आणि तिथून ते मुलासाठी रॅपच्या ध्वनिमुद्रिका पाठवत असत. इंग्रजीचा गंध नसताना हा मुलगा रॅकिम आणि नंतर नॅस या अमेरिकी रॅपरांच्या ओळी निव्वळ उच्चारावरून पाठ करत असे. त्यांचा अर्थ पुढे कळला. १९९१ च्या जानेवारीत सोमालियाचे हुकूमशहा सियाद बारे यांची राजवट कोसळली, गावागावांत टोळ्यांचे राज्य सुरू झाले आणि त्याच सुमारास, प्रवासी विमाने बंद पडण्याच्या बेतात असताना, आई मुलांना घेऊन देशाबाहेर पडली. काही काळ न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काढून कुटुंब टोरांटोच्या रेक्सडेल भागात स्थायिक झाले. टोरांटोच्या या वायव्य कोपऱ्यात, विमानतळापासून जवळच, युद्धातून आलेल्या सोमाली कुटुंबांची मोठी वस्ती झालेली होती. दहावीत त्याने शाळा सोडली.

एवढ्या भांडवलावर कोणीही सहानुभूतीचा धंदा उघडू शकला असता, आणि पाश्चात्त्य बाजारात त्याला गिऱ्हाईकही मिळाले असते. पहिल्या अल्बमचे मोठेपण असे, की त्याने ते केले नाही. अल्बमच्या नावातला धुळीने भरलेल्या पायांचा माणूस तिथूनच आलेला आहे. मदतनिधीच्या जाहिरातींत आफ्रिकी मुलाचे धुळीत चालणारे पाय हटकून दाखवले जातात. केनानने तेच पाय घेतले, त्यांच्यावर विचार करणारे डोके ठेवले आणि त्याला बोलायला लावले.

हे बोलणे ऐकताना सोमाली काव्यपरंपरेची थोडी ओळख असली तर फार उपयोग होतो. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती १९७२ मध्ये. त्याआधी भांडण, समेट, मागणी, निंदा, राजकारण हे सारे कवितेतून आणि पाठांतरातून चालत असे. ‘गबय’ नावाच्या भारदस्त काव्यप्रकारात एकच आद्याक्षर धरून अख्खी कविता रचावी लागते, म्हणजे प्रत्येक ओळीत त्या अक्षराने सुरू होणारा शब्द आलाच पाहिजे. आपल्या अनुप्रासाचा हा पक्का कायदा झाला म्हणा. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ही कविता बहुधा कोणाला तरी उद्देशून असते. एका कुळाचा कवी दुसऱ्या कुळाला कवितेतून सुनावतो, पाठांतर करणारी माणसे ती कविता घेऊन मुलूख ओलांडतात आणि समोरचा कवी तिला कवितेनेच उत्तर देतो. न्यूयॉर्कच्या गल्लीत रॅपर एकमेकांवर करतात तो हल्ला याच्यापासून फार लांबचा नाही. केनानला रॅप परका वाटला नसावा, याचे कारण मला इथे दिसते, आणि म्हणून त्याचे कोणतेही गाणे ऐकताना मी पहिल्यांदा हे पाहतो की हा माणूस नेमका कोणाशी बोलतो आहे.

अल्बम निघण्याच्या काही वर्षे आधी त्याने जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित विभागाच्या कार्यक्रमात आपली कविता सादर केली होती. अशा मंचावर निर्वासित तरुणाने आभार मानावेत अशी अपेक्षा असते. त्याने मात्र सोमालियातल्या फसलेल्या शांतिमोहिमांचा जाब तिथल्या तिथे, त्याच संस्थेला विचारला. श्रोत्यांत सेनेगलचा थोर गायक यूसू एन्दूर बसलेला होता. त्याने केनानला आपल्या २००१ च्या अल्बममध्ये घेतले आणि त्यातून दौऱ्यांचे दार उघडले.

आता प्रत्यक्ष अल्बमकडे वळू. सुरुवातीलाच पाण्यावर हात मारून काढलेला ताल ऐकू येतो. ढोल नाही, यंत्राचा ठोका नाही; पाण्याची सपसप आणि तिच्यावर आवाज. निर्मितीची बाजू ट्रॅक अँड फील्ड या टोरांटोच्या जोडीने, म्हणजे जेराल्ड ईटन आणि ब्रायन वेस्ट यांनी, सांभाळलेली आहे. कॅनडाची गायिका नेली फुर्ताडो हिचे पहिले दोन अल्बम याच जोडीच्या हातचे, त्यामुळे काम सफाईदार असणार हे गृहीत होते. मला कौतुक वाटते ते त्यांनी राखलेल्या संयमाचे. हाताने वाजवायचे ढोल, साधी गिटार, मागे समूहाचा आवाज, एवढ्यावर बरीच गाणी उभी राहतात आणि शब्दांना मोकळी जागा मिळते.

‘सोबाह’ हे त्यातले सर्वांत थेट गाणे. मोगादिशूची वाट लावणाऱ्या टोळीप्रमुखांना उद्देशून ते रचलेले आहे: लोकांना छळलेत, पुरे झाले, आता चालते व्हा. पालुपद सोमालीत आहे आणि कडवी मुख्यतः इंग्रजीत. ही वाटणी विचारपूर्वक केलेली असावी असे मला वाटते, कारण ज्याला निघून जा म्हणायचे त्याला ते त्याच्या भाषेत कळले पाहिजे, आणि काय घडले ते इतरांना त्यांच्या भाषेत. ढोलांचा ठेका आणि समूहाचे पालुपद यांमुळे गाणे ऐकताना पाय हलतात, हे विशेष. शब्द कळल्यावरही हलायचे थांबत नाहीत, आणि ऐकणाऱ्याला त्याचे थोडे अवघडल्यासारखे होते. गाण्याची चित्रफीत केनियात, सोमालियाच्या शेजारी जाऊन चित्रित केलेली आहे, तीही पाहावी.

बंदूक, टोळी आणि मर्दुमकी यांची जाहिरात करणाऱ्या अमेरिकी रॅपरांशी तो ‘व्हॉट्स हार्डकोर’मध्ये बोलतो. मोगादिशूच्या रस्त्यावरची एक साधी सकाळ तो एकामागून एक तपशील टाकत सांगत जातो, आणि मग त्या काळी दरारा असलेल्या फिफ्टी सेंटचे नाव घेऊन असा टोमणा मारतो, की मी माझ्या गावाचे खरे वर्णन करायला बसलो तर हा गृहस्थ अगदीच मवाळ वाटू लागेल. स्वतःच्या दुःखाची फुशारकी मारण्याचा धोका या गाण्यात आहे. तो टळतो, कारण सगळा रोख प्रतिस्पर्ध्याची टोपी उडवण्यावर आहे. खास रॅपच्या रीतीने केलेली ही उलटतपासणी आहे.

माझ्या मते अल्बमचा गाभा मात्र ‘माय ओल्ड होम’ आहे. हे गाण्यापेक्षा पठणाच्या जवळ जाते. जुने घर तो वासाने सुरू करतो: शिजलेले लाल कडधान्य, तेल, आणि त्यांच्याच रांगेत पिढीजात चालत आलेली कविता. स्वयंपाकघरातल्या वासांमध्ये कवितेला जागा देणे हे मला फार आवडते, कारण कविता ज्या घरात रोजच्या वापरातली असते तिथेच ती अशी सहज डाळीच्या शेजारी बसते. पुढे पांढरा रंग दिलेल्या भिंती येतात, पत्र्याचे छप्पर येते, झाडे येतात. यातली कोणतीही वस्तू करुण नाही. युद्ध येते ते या सगळ्याच्या नंतर, आणि तोवर ऐकणारा त्या घरात राहून आलेला असतो. बातमीत आपण नेहमी उलटे पाहतो. आधी ढिगारा, आणि घर कधीच नाही.

दोषही आहेत. केनानचा आवाज नाकातून येणारा, काहीसा किरटा आहे आणि वेग वाढला की अमेरिकी रॅपर एमिनेमची आठवण होतेच. त्याची नक्कल वाटावी इतके नाही, पण नवख्या कानाला पहिल्या दोन गाण्यांत ती शंका येऊ शकते. अल्बम लांबलेला आहे. मध्यावर सैतान, देव आणि अंतरात्मा यांच्याशी झुंज घेणारी गाणी एकापाठोपाठ येतात, आणि तिथे ज्याच्याशी बोलायचे तो माणूस धूसर झाला की शब्दही सैल पडतात. मधले निवेदनाचे तुकडे दुसऱ्या वेळी ऐकवत नाहीत. दोन-तीन गाणी गाळली असती तर अल्बम अधिक बांधेसूद झाला असता. तरीही २००६ मध्ये त्याला सर्वोत्तम रॅप ध्वनिमुद्रणाचा जूनो हा कॅनडाचा संगीत पुरस्कार मिळाला आणि कॅनडातल्या सर्वोत्तम अल्बमसाठी त्याच वर्षी सुरू झालेल्या पोलारिस पुरस्काराच्या अंतिम यादीत तो पोहोचला, हे योग्यच झाले. २००७ मध्ये बीबीसी रेडिओ ३ च्या जागतिक संगीत पुरस्कारांत तो सर्वोत्तम नवोदित ठरला. कॅनडाचा रॅपर म्हणून एक पुरस्कार आणि ‘जागतिक संगीत’ या अडगळीच्या खोलीत दुसरा, हा योग स्थलांतरित कलावंताच्याच वाट्याला येतो.

‘ट्रूबाडूर’ हा पैसा असलेला अल्बम आहे आणि ते पहिल्या मिनिटात कळते. काही ध्वनिमुद्रण किंग्स्टनला, बॉब मार्लीच्या स्टुडिओत झाले. पाहुण्यांत मॉस डेफ, डेमियन मार्ली, मरून फाइव्हचा अॅडम लव्हीन आणि मेटॅलिकाचा कर्क हॅमेट अशी मंडळी आहेत. हॅमेटची गिटार ज्या गाण्यात आहे ते पहिल्या अल्बममधलेच, नव्याने केलेले. मला जुनेच बरे वाटते. याउलट जुन्या इथिओपियन बँडच्या ब्रासचे तुकडे ज्या गाण्यांत वापरले आहेत ती झकास आहेत. भूप-दुर्गा ऐकलेल्या कानाला त्यांतले पाच सुरांचे वळण लगेच ओळखीचे वाटेल. जाता जाता नोंदवण्यासारखे म्हणजे केनान जन्मला तेव्हा ओगादेन प्रदेशावरून सोमालिया आणि इथिओपिया यांचे युद्ध चालू होते, आणि तीस वर्षांनी त्याच ‘शत्रू’ देशाचे संगीत त्याने आपल्या अल्बमचा कणा केले.

शब्दांच्या बाबतीत मात्र चढउतार आहे. लहानपणीची मैत्रीण फातिमा हिच्यावरचे गाणे हळवे असूनही तोल सोडत नाही. देश सोडताना मागे राहिलेल्या नात्यातल्या भावाचा उल्लेख असलेले ‘पीपल लाइक मी’ हे तर पहिल्या अल्बमच्या तोडीचे आहे. मंडेलांचा तुरुंगवास आणि गांधीजींची उपोषणे यांच्याकडे पाहून थक्क होणारे ‘टेक अ मिनिट’ कोणाला आवडणार नाही? ते सर्वांना आवडेल असेच बेतलेले आहे, आणि माझी तक्रार तीच आहे. टोळीप्रमुख, संयुक्त राष्ट्रे, बढाईखोर रॅपर यांच्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलणारा माणूस इथे अनेकदा ‘जगाशी’ बोलू लागतो.

झेंड्याचे गाणे याच अल्बममधले. मूळ रूपात त्यात युद्ध आहे, दारिद्र्य आहे, न पाळलेली आश्वासने आहेत, आणि मोठे झाल्यावर बळ येईल ही आशा एवढ्या सगळ्यातून वाट काढत येते. विश्वचषकासाठी जी आवृत्ती झाली तीत चाल आणि पालुपद ठेवून कडव्यांतली ही सल काढून टाकली आणि तिच्या जागी मैदानावरचा जल्लोष घातला. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड येथे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी हैतीतल्या भूकंपानंतर कॅनडाच्या तरुण कलावंतांनी मदतीसाठी ते एकत्र गायले, आणि केनानला वर्षातील कलावंत व वर्षातील गीतकार असे दोन जूनो मिळाले. चाल इतकी पक्की आहे की तिने हे सगळे पेलले. पण मूळ गाणे आणि मैदानी आवृत्ती लागोपाठ ऐकावी. काय गेले ते कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

पुढे काय झाले ते त्याने स्वतःच २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखात लिहिले. सोमालियाविषयी फारसे काही ठाऊक नसलेल्या किशोरवयीन अमेरिकी मुली हा आता आपला श्रोतृवर्ग आहे, असे मनाशी धरून, कंपनीच्या सल्ल्याने, त्याने तिसऱ्या अल्बमसाठी आपले शब्द बदलत नेले, आणि त्याचा सल त्या लेखात त्याने उघडपणे मांडला. इतक्या स्पष्टपणे स्वतःच्या कामाचे परीक्षण करणारा कलावंत विरळा. तो लेख वाचून मग पहिला अल्बम ऐकला, तरी चालेल.

घ्यायचा कोणता, असे विचाराल तर ‘द डस्टी फूट फिलॉसॉफर’ निःशंकपणे घ्यावा, आणि गाण्यांचे शब्द समोर ठेवूनच ऐकावा, कारण नुसत्या ऐकण्यात निम्मे हातचे निसटते. रॅपची नावड असलेल्यांनी ‘माय ओल्ड होम’पासून सुरुवात करावी. ‘ट्रूबाडूर’ प्रवासात, गाडीत, मुलांसह ऐकायला उत्तम आहे. या दोहोंच्या मध्ये, २००७ मध्ये, ‘द डस्टी फूट ऑन द रोड’ नावाचा थेट कार्यक्रमांतला अल्बम निघाला होता. त्यातली बरीच गाणी आधीचीच असल्यामुळे तो सर्वांसाठी नाही. मात्र ‘सोबाह’ ज्यांना आवडेल त्यांनी त्यातले तेवढे एक गाणे जरूर शोधावे, कारण तिथे टोळीप्रमुखांना चालते व्हा म्हणताना केनान एकटा नसतो. सोमालीचा एक शब्दही न जाणणारे श्रोते त्याच्याबरोबर ओरडत असतात.