पोकलेनवाला चांगला, मुळांचं तेवढं राहिलं

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या पाझर तलावात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या सरकारी योजनेतून गाळ काढायचं काम झालं. उत्तर सोलापूर तालुका, माझी दोन एकर बांधाच्या खालच्या अंगाला. पोकलेनवाल्याचं नाव टाकत नाही, माणूस वाईट नव्हता. पाचपैकी तीन तारे, त्यातला एक निव्वळ ऑपरेटरचा.

पोरगा अक्कलकोटकडचा, निम्मं कानडी निम्मं मराठी. सकाळी सातला बकेट हलायची म्हणजे हलायचीच. ट्रॉली मागं लागली की चार बकेटांत भरून मोकळी. मुरूम दिसला की थांबायचा, उगाच खोल जायचा नाही. पाझर तलावाच्या तळाला चिकण गाळ बसला की पाणी झिरपतच नाही, नुसतं उन्हानं उडून जातं. तो थर निघाला आणि हस्ताचा पाऊस बरा झाला, तर एरवी संक्रांतीला तळ दाखवणारी माझी विहीर यंदा पाडव्यापर्यंत टिकली. याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेड्या बाभळीची. काहीजण चिलार म्हणतात. तलावाचं निम्मं पोट त्या झाडानं भरलं होतं. पोकलेननं ती झाडं जमिनीच्या वर वीतभर ठेवून मोडली आणि काठाला ढीग लावला. लोकांनी सरपण म्हणून ओढून नेलं, सगळे खूश. मी म्हटलं, "अरे, बुंधा उकरून काढ की, ही फुटणार."

"काकू, मला पैसे गाळाचे. झाडाचे नाही."

खरंच आहे त्याचं. यंत्र आणि डिझेलचा खर्च घनमीटरवर मिळतो, मुळाचं माप कोण घेतंय? मृगाच्या दोन सरी झाल्यावर जाऊन बघितलं, एका बुंध्याला नऊ फुटवे. या झाडाचे डोळे बुंध्यात मातीच्या आतही असतात. जमिनीखाली टीचभर खणून खोड काढलं तरच ते मरतं, नाहीतर एकाची झुडपं होतात. बकेट तिथंच होती, दात घालायचा एक हिसका लागला असता.

दुसरं मला आधी सुचलंच नाही. शेळ्या गोड शेंगा खातात, लेंड्यांतून बी तलावात पडतं आणि गाळात वर्षानुवर्षं निपचित राहतं. तो गाळ मी हौसेनं रानात पसरला. भाद्रपदात मालदांडी ज्वारीच्या पेरणीआधी रान बघायला गेले, तर जागोजागी बोटभर रोपं. एक उपटलं. वर चार पानं, खाली वीतभर सोटमूळ, तेही टोकाला तुटलंच. अख्खा आठवडा खुरपं घेऊन वाकले. त्या मजुरीचं अनुदान कुठल्या रकान्यात लिहायचं?

अनुदानाचं म्हणाल तर अल्पभूधारकाला गाळ वाहायला एकरी 15,000 पर्यंत मिळतात, अडीच एकराची मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त 37,500. सातबारा, आधार, पासबुक सगळं दिलं. एका कचेरीत "साहेब मीटिंगला" ऐकत तीन हेलपाटे झाले. ट्रॉलीवाल्याला मात्र पैसे रोख, त्याच दिवशी. दिवाळीनंतर खात्यावर आले एकदाचे.

गाळ न्यायचा असेल त्यांनी जरूर न्या, रान सुधारतं. फक्त ज्या बाजूला बाभळ दाट होती तिथला वरचा थर घेऊ नका, खालचा काळा घ्या. आणि काम सुरू व्हायच्या आधीच ग्रामसभेत मुळं काढायचं लिहून घ्या, नंतर ऑपरेटरशी भांडून उपयोग नाही. आम्ही वर्गणी काढून त्याच पोराला दोन दिवस परत बोलवायचं ठरवलंय, तासावर. घनमीटरवर नको म्हणून त्यालाच आधी सांगितलंय. तो हसला, म्हणाला, "आता मुळंच मोजा, काकू."