जुन्या गल्लीचं फोटो-पोस्टकार्ड आणि एप्सन व्ही६०० स्कॅनर

उत्तर इंग्लंडमधल्या लँकशर-यॉर्कशरच्या गिरणीवस्त्यांमधल्या एकमेकींना खेटून उभ्या घरांच्या रांगा, दगडी फरसबंदी आणि फोटोग्राफर आला म्हणून रस्त्यात जमलेली पोरं अशी शंभर वर्षांपूर्वीची फोटो-पोस्टकार्डं ब्रिटनमध्ये अजून मिळतात. ती घरी स्कॅन करायची असतील तर एप्सन परफेक्शन व्ही६०० घ्यावा. काचेच्या मूळ निगेटिव्ह असतील तर मात्र घेऊ नये.

त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मऐवजी काचेची प्लेट असे. तिला लाल रंग जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे लाल विटांची भिंत काळपट येते, आकाश पांढरंफटक. गल्लीतलं खरं जगणं असतं ते या काळोखात: दाराच्या चौकटीत कमरेवर हात ठेवून उभी असलेली बाई, दगडाने घासून पांढरी कड काढलेली पायरी, बूट खरवडायची लोखंडी पट्टी. स्वस्त स्कॅनर एवढा भाग सरसकट काळा करून टाकतो. व्ही६०० तो उलगडतो, पण सेटिंग हाताने करावी लागते.

आधी कार्ड दहापट भिंगाखाली पाहा. ठिपके दिसले तर ते छापील आहे. ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० बिंदू) पुरेत, वर गेलात तर फक्त ठिपके मोठे होतील. ठिपके नसतील तर तो खरा फोटो, त्याला १२०० डीपीआय द्या. साडेपाच बाय साडेतीन इंचाच्या कार्डाची ६६०० बाय ४२०० पिक्सेलची फाइल होते. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं वाचायला तेवढी पुरते. खोक्यावर लिहिलेले ६४०० डीपीआय फिल्मसाठी आहेत. कागदी प्रिंटमध्ये तेवढा तपशील मुळात नसतोच.

फोटो कृष्णधवल असला तरी ४८-बिट, म्हणजे जास्त छटा टिपणाऱ्या, रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. फाइल साधारण १६६ एमबीची होते, होऊ द्या. रंगीत फाइलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर, म्हणजे चॅनेल, असतात. पिवळे-तपकिरी डाग निळ्या चॅनेलमध्ये गडद उमटतात आणि लाल चॅनेलमध्ये बरेचसे विरतात, म्हणून नंतर लाल चॅनेल तेवढा ठेवायचा. डाग पुसायला याहून चांगला उपाय नाही, कारण यात चित्राला हातच लागत नाही.

एप्सन स्कॅन या स्कॅनरच्या प्रोग्रॅममध्ये प्रोफेशनल मोड घ्या आणि प्रीव्ह्यू ‘नॉर्मल’ ठेवा. थंबनेल प्रीव्ह्यू कडा कापतो. हिस्टोग्राममध्ये (उजळ-गडद छटांचा आलेख) आउटपुट १० ते २४५ असेल तर ०-२५५ करा. अनशार्प मास्क (कडा ठळक करणारी सोय) आणि डस्ट रिमूव्हल बंद. ओरखडे आपोआप पुसणारं डिजिटल आइससुद्धा बंदच: ते ओरखड्यांबरोबर गॅसच्या दिव्याचा आडवा दांडा किंवा ट्रॅमची तार गिळू शकतं. घोड्याचं डोकं धूसर आणि गाडी स्पष्ट दिसली तर तो प्लेटच्या लांब एक्स्पोजरचा परिणाम आहे, शार्पन करून तो जात नाही. टिफमध्येच (दर्जा न घटवणारा फाइलप्रकार) सेव्ह करा.

कार्ड काचेच्या कडेपासून थोडं आत ठेवा. अगदी कडेची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी स्कॅनमध्ये सुटते. वाकलेलं कार्ड पुस्तकाने दाबू नका, वरचा थर तडकतो. व्ही६०० मध्ये सीसीडी सेन्सर (आरसे-भिंगातून चित्र टिपणारा) आहे, त्यामुळे कार्ड जरासं उचललेलं असलं तरी फोकस टिकतो. कॅनन लाइड ४०० सारख्या सीआयएस स्कॅनरवर (यात सेन्सर काचेला अगदी लागून असतो) तेच कार्ड एका बाजूला पुसट येतं. सपाट कार्डांना मात्र तोही चालतो, आणि स्वस्त पडतो. गडद भागावर निळसर चंदेरी झाक असेल तर कार्ड नव्वद अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करा. प्रकाशाची दिशा बदलली की झाक बरेचदा कमी होते.

मागची बाजूही ४०० डीपीआयला घ्या. संदेश आणि पत्ता शेजारी शेजारी लिहायची सोय ब्रिटनमध्ये १९०२ पासून, आणि देशांतर्गत कार्डाला अर्ध्या पेनीचं तिकीट जून १९१८ पर्यंत. या दोन खुणांवरून गल्लीचा काळ बांधता येतो.

काचेच्या निगेटिव्हचं दुखणं असं: निगेटिव्हमधून प्रकाश टाकणारी झाकणातली पट्टी जेमतेम ६९ मिलिमीटर रुंद आहे. क्वार्टर-प्लेट ही लहान आकाराची काचसुद्धा ८३ बाय १०८ मिलिमीटर असते, म्हणजे दोन तुकडे करून जोडत बसायचं, आणि जोड नेमका घरांच्या सरळ रेषांवर दिसतो. असा संग्रह असेल तर एप्सनच्याच व्ही८५० साठी थांबा. त्यात आठ बाय दहा इंचापर्यंत मावतं.

वापरलेला व्ही६०० घेणार असाल तर काच टॉर्चच्या तिरक्या उजेडात पाहा. आतल्या बाजूला कालांतराने धूसर थर धरतो, बाहेरून पुसून तो निघत नाही आणि गडद विटा राखाडी दिसू लागतात.