सांख्यिकीचा पहिला पेपर: प्रात्यक्षिक भक्कम, परिकल्पना चाचणी घाईत

नागपुरातल्या एका महाविद्यालयातला बी.एस्सी. प्रथम वर्षाचा हा कोर्स घ्यायचाच असेल तर प्रात्यक्षिकांसाठी घ्या. थिअरीचा क्रम नेहमीचाच: मध्य, मध्यक, बहुलक, विचलन, सहसंबंध, संभाव्यता.

प्रात्यक्षिकात संत्री तोलायला लावतात. समजा पाच संत्री भरली 140, 160, 170, 180 आणि 200 ग्रॅम. सरासरी 170, सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज 2000. पाचने भागून वर्गमूळ काढलं तर प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) 20, चारने भागून काढलं तर 22.36. शेजारी बसलेल्या दोघांची उत्तरं जुळत नाहीत ती बहुतेकदा इथेच. सरासरी त्याच पाच आकड्यांतून काढलेली असते, त्यामुळे फरक खऱ्यापेक्षा कमी भरतात. म्हणून नमुन्यासाठी एकने कमी करून भागायचं. हे इथे नीट समजावतात. त्याहून चांगलं म्हणजे नमुना कसा घ्यायचा ते करून दाखवतात. कळमन्याच्या बाजारातून आणलेल्या पेटीच्या वरच्या थरात मोठी फळं लावलेली असली, तर वरूनच पाच उचलल्यावर सरासरी फुगणारच. पेटी रिकामी करा, फळांना नंबर द्या आणि यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून निवडा.

वर्गांतरं, म्हणजे आकड्यांचे गट, मात्र उरकून टाकली आहेत. 140–149, 150–159 असे वर्ग असतील तर मध्यकाच्या (मधल्या आकड्याच्या) सूत्रात खालची सीमा 139.5, 149.5 अशी धरावी लागते. ती धरली नाही तर उत्तर अर्ध्या ग्रॅमने चुकतं. वर्गांची रुंदी असमान असेल तर आयतालेखात (हिस्टोग्राममध्ये) उंची म्हणून वारंवारता भागिले रुंदी घ्यायची, हेही नोट्समध्ये सापडत नाही.

सगळ्यात कच्चा भाग परिकल्पना चाचणीचा, तोही सेमिस्टर संपता संपता. शून्य परिकल्पना म्हणजे ‘काही फरक नाही’ असं गृहीतक; ते आकड्यांवर तपासताना पी-मूल्य काढतात. पी-मूल्य 0.03 म्हणजे ‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता 3 टक्के’ असं नोट्समध्ये छापलंय. साफ चूक! शून्य परिकल्पना खरी धरली, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याची ती शक्यता आहे. हा भाग दुसरीकडून वाचावाच लागेल.

परीक्षेला स्टॅट मोड असलेला सायंटिफिक कॅल्क्युलेटर लागतो. नवं गणित सुरू करण्याआधी मेमरी क्लिअर करा आणि उत्तर लिहिण्याआधी ‘एन’ (भरलेल्या आकड्यांची संख्या) तपासा; पाचाऐवजी दहा दिसले तर आधीच्या गणिताचे आकडे आतच राहिलेत.