स्किटला धमकी लावावी की फजिती?

नेरुळच्या मावसबहिणीचा परवा फोन आला. "दादा, गणपतीतलं सोसायटीचं स्किट माझ्या गळ्यात पडलंय. वीस मिनिटं, सहा पात्रं, माईक दोनच. ब्लॅकमेलवर लिहू की नुसत्या फजितीवर?" मी ठाण्यात अशी स्किटं बसवतो. एकदा सपाटून आपटलोय, म्हणून जरा अधिकाराने बोलतो.

गोष्ट एकच धरू. काका रोज सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारतो म्हणून घरातून निघतात आणि मामलेदारची मिसळ हाणून येतात. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, हे काकूंना पाठ आहे.

धमकीचा रस्ता घेतला, तर पुतण्या त्यांना तिथे बघतो आणि घरी येऊन स्कूटरची चावी मागतो. काका नाही म्हणाले की हा आतल्या खोलीकडे तोंड करतो, "काकू, एक गंमत सांगू?" चावी हातात. हे लिहायला सोपं, कारण प्रत्येक प्रवेशाला काम आपोआप मिळतं. तिसऱ्यांदा "काकू, एक गंमत" आलं की पुढची पोरं स्वतःच ओरडतात. गोची मागणी वाढवताना होते. चावी, पाचशे रुपये, इथवर लोक हसतात. मी एकदा पोराला एफडी मोडायला लावायला सांगितलं, आणि पहिल्या रांगेतल्या आज्या गप्पच झाल्या. पोरगा वात्रट राहिला नाही, गुंड झाला.

यावरचा इलाज 'फ्रेंड्स' या अमेरिकन विनोदी मालिकेत आहे. १९९९ सालचा थँक्सगिव्हिंगचा भाग. मोनिका आणि रॉस, दोघंही भाऊबहीण एकमेकांची लफडी जाणून आहेत आणि समोर आईवडील. एकाने तोंड उघडलं की दुसरी उघडते: व्हरांड्यातला झोपाळा वादळाने नाही, मोनिकाने मोडला, रॉसची म्युझियममधली नोकरी केव्हाच गेलीय, मोनिका मित्राबरोबर, चँडलरबरोबर राहतेय, रॉसने लास व्हेगासला मैत्रिणीशी, रेचलशी लग्न केलं आणि घटस्फोटही घेतला. सगळा दारूगोळा मिनिटभरात संपतो. म्हणजे काकांच्या हातीही पुतण्याचं काहीतरी द्यायचं. क्लासला दांडी मारून तो कुठे असतो, एवढंही पुरे.

फजितीच्या रस्त्यावर काकांना कोणी बघितलेलंच नसतं. पांढऱ्या शर्टावर तर्रीचा एक डाग आहे, बस. काकू फक्त विचारतात, "हे काय?" काका म्हणतात, देवळातलं कुंकू. मग देऊळ कुठलं, प्रसाद कुठाय, प्रसादासाठी पेढ्याच्या दुकानात पळ, आणि परत आल्यावर काकू सांगतात की ते देऊळ आज बंद आहे. धमकी देणारा बाहेर कोणी नाही, माणूस स्वतःच स्वतःला पिळतो. बीबीसीच्या 'फॉल्टी टॉवर्स'चं इंजिन हेच. १९७९ च्या एका भागात हॉटेलवाला बेसिल बायकोच्या चोरून घोड्यावर पैसे लावतो, जिंकतो, आणि वेटर मॅन्युएलला पढवतो की तुला काहीच माहीत नाही. पुढे ते पैसे आपलेच आहेत हे सिद्ध करायला त्याला मॅन्युएलचीच साक्ष लागते, आणि तो इमानदार गडी छाती फुगवून सांगतो, मला काहीच माहीत नाही! ही मालिका दोन हंगाम मिळून अवघी १२ भागांची, पण लिहिणाऱ्याने बघावीच.

('साराभाई व्हर्सेस साराभाई'चा नाद नको. माया सुनेचं मनीषा हे नाव मिडलक्लास म्हणून मोनिषा करते, पण मोनिषाला कशाचीच लाज नाही. तिला कोण काय धमकी देणार? तो विनोद पात्रं ओळखीची झाल्यावर पिकतो, वीस मिनिटांत नाही.)

मला विचारशील तर फजिती घे. धमकी तरी काकांच्या लाजेवरच चालते ना. "हो, खातो मिसळ, काय म्हणणं आहे?" असं ते म्हणाले की पुतण्याचं दुकान बंद. शिवाय हौशी नट वाक्य विसरतात. धमकीत एक वाक्य गळलं की साखळीच तुटते. फजितीत काका अडखळले तर ते भूमिकेतच अडखळले असं वाटतं. धमकी तेव्हाच, जेव्हा पुतण्या करायला टायमिंगवाला पोरगा हाताशी असेल.

डागाला टोमॅटो सॉस वापरू नको, लांबून रक्तासारखा दिसतो. तेलात हळद-तिखट कालव, आणि शर्ट दोन आण. रंगीत तालमीत एक जातोच.