झाड दत्तक योजना, देशी झाडांची रोपवाटिका (त्र्यंबक रोड, नाशिक): वर्षभराचा अनुभव

⭐⭐⭐⭐ (एक स्टार का कापला ते खाली सांगते)

आधी एका ऑनलाईन कंपनीला दहा झाडांचे पैसे दिले होते. मेलवर सर्टिफिकेट आलं, बास. झाड कुठलं, कुठे लावलं, जगलं का, दोनदा विचारलं तरी उत्तर नाही. म्हणून गेल्या मे महिन्यात इथे स्वतः जाऊन बघून मगच पैसे दिले. इथे आपण रोपाचे पैसे द्यायचे, ते लावायचं आणि सांभाळायचं काम ही मंडळी करतात.

मला अशोक हवा होता. तिथल्या दादांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, कुठला अशोक?" आपल्याकडे नर्सरीत अशोक म्हणून जे उंच सरळसोट झाड देतात ते आसुपालव, खरा तो सीतेचा अशोक, ज्याला केशरी फुलांचे गुच्छ थेट फांदीवर येतात आणि ज्याची साल अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधासाठी इतकी ओरबाडली की आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या रेड लिस्टमध्ये तो धोक्यातला म्हणून लागलाय. पण डोंगरावर लावायला ते नाहीच म्हणाले, ते ओढ्याकाठचं, सावलीतलं झाड आहे, उघड्यावर उन्हात जळेल. पैसे देणाऱ्याला असं तोंडावर नाही सांगणारे मला तरी पहिल्यांदाच भेटले. शेवटी एक अशोक ओढ्यालगत आणि चार बिबळे (हेही देशी जंगली झाडच) डोंगराच्या उतारावर असं ठरलं.

एका रोपाचे 1500, तीन वर्षांच्या देखभालीसकट. आधी महाग वाटलं, पण बिबळ्याचं बी हातात घेऊन बघा, गोल पापडासारखी शेंग आणि मधे टणक गाठ, कडा कात्रीने कापून भिजत घालायचं तरी बरीचशी रुजतच नाहीत. पेठ-सुरगाण्याकडची माणसं ते गोळा करतात त्यांची मजुरी, रोप मोठं करायचा वेळ, कुंपण, उन्हाळ्यात टँकर, वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला जाळपट्टा, खरा खर्च तिथे आहे, खड्डा खणण्यात नाही.

आणि पैसे नेमके तिथेच पोचत नाहीत याचं फार वाईट वाटतं. 2013 च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सीएसआरला, म्हणजे समाजोपयोगी कामांना द्यावे लागतात, नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत कंपन्या काही कमी नाहीत, पण दादा म्हणाले की विचारणा येते ती 5 जूनला, पर्यावरण दिनाला, हजार झाडं लावाल का अशीच, कुठली झाडं हे क्वचित कुणी विचारतं. दुर्मिळ झाडाची हजार रोपं एका हंगामात होतच नाहीत हो! आययूसीएनने 2024 मध्ये जाहीर केलं की जगभरातल्या 47,282 जातींची झाडं तपासली त्यातल्या 16,425 धोक्यात निघाल्या, म्हणजे तिनातली एक. स्वित्झर्लंडची फ्रँकलिनिया फाउंडेशन तर खास धोक्यातल्या झाडांसाठीच पैसे देते, पण इथल्यासारख्या चार माणसांच्या ग्रुपने पाणी घालायचं का इंग्रजीत प्रपोजल लिहीत बसायचं?

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. ऑक्टोबरमध्ये व्हॉट्सअपवर फोटो आला, एक बिबळा गुरांनी पार बुडापर्यंत खाल्लेला, खाली लिहिलेलं "तुमचं 3 नंबरचं गेलं, कुंपण आमच्याकडून ढिलं राहिलं, पावसाळ्यात दुसरं लावतो." मी विचारलंही नव्हतं. त्या एका फोटोने माझा विश्वास बसला. एप्रिलमध्ये बघून आले, बाकीचे तीन बिबळे माझ्या गुडघ्याच्या वर गेलेत, अशोकाला तांबूस लोंबती कोवळी पानं आलीयेत.

स्टार कापला तो पावतीसाठी. 80जीची, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळायला लागणारी पावती तीन वेळा मागितल्यावर मिळाली, तोवर रिटर्न भरून झालं होतं. जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तरच सूट मिळते, आणि 2000 च्या वर कॅश देऊ नका, ती धरत नाहीत. फोनही पटकन उचलत नाहीत, सकाळी साईटवर असतात, रविवारी थेट गेलेलं बरं.

या पावसाळ्यासाठी शिसवाची दोन रोपं सांगून ठेवलीयेत. आजीचं शिसवी कपाट आमच्या घरात आहे, पण शिसवाचं झाड मी तिथे रोपवाटिकेत पहिल्यांदा पाहिलं.