‘इंग्रजीचा फिक्स सेट’ घेण्याआधी हे वाचा

फेब्रुवारीत विदर्भातल्या खेड्यांत दोन गोष्टी मागंपुढं घरात येतात: कापूस-तुरीचा चुकारा आणि बारावीचं हॉल तिकीट. फिक्स सेट, म्हणजे ‘हाच पेपर येणार’ असं सांगून दिलेली प्रश्नोत्तरं, विकणाऱ्याला दोन्हींचा हंगाम पाठ असतो. त्यात इंग्रजीचा पेपर बहुतेक वर्षी पहिलाच, आणि मराठी माध्यमातून आलेल्या पोट्ट्यांना धास्तीही त्याचीच.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात तीन पोरांनी मिळून 2,600 रुपये घालवले. आधी टेलिग्रामच्या ग्रुपात शिरायचे 101. मग ‘व्हीआयपी सेट’चे 499. पेपरच्या आदल्या रात्री अकराला ‘ओरिजिनल’चे 2,000, क्यूआर कोडवर. पोरगा अडखळला तेव्हा समोरच्यानं त्याच्या वडिलांनाच फोन लावला: “काकाजी, दोन हजारासाठी पोट्ट्याचं वर्ष वाया जाऊ द्याचं काय?” पैसे गेले, बाराला नंबर ब्लॉक. हातात उरली ती पहिली पीडीएफ, 14 पानांची.

विश्वास बसतो तो मागच्या वर्षीच्या ‘पुराव्या’मुळं. चॅनेलवर पेपरच्या आदल्या दिवसाची तारीख असलेला मेसेज दिसतो आणि त्यात तंतोतंत खरा पेपर. टेलिग्रामच्या चॅनेलवर जुन्या मेसेजमधली फाइल नंतर बदलता येते, वरची तारीख मात्र जुनीच राहते. म्हणजे आदल्या दिवशी कसलीही फाइल टाकायची आणि पेपर सुटला की तिथं खरा पेपर चढवायचा. मेसेजच्या वेळेजवळ ‘एडिटेड’ हा बारीक शब्द आहे का बघा. स्क्रीनशॉट पाठवला असेल तर तो शब्द कापलेलाही असू शकतो.

आता त्या 14 पानांत काय होतं ते बघू, कारण पैशांपेक्षा मोठं नुकसान तिथं आहे.

बारावी इंग्रजीची कृतिपत्रिका 80 गुणांची: गद्य 34, कविता 14, लेखनकौशल्य 16, कादंबरी 16. हा आराखडा जाहीर आहे, त्यात गुपित काही नाही. सेटवाला तोच आराखडा ‘आतली खबर’ म्हणून विकतो. ‘चौथ्या प्रश्नात ईमेल किंवा रिपोर्ट, कॉम्पिअरिंग (सूत्रसंचालन) किंवा स्पीच येणार’ असं त्यात लिहिलं होतं. अहो, त्या प्रश्नातल्या प्रत्येक भागाला पर्याय असतातच. दहा प्रकारांची नावं लिहिली की चार-दोन लागणारच.

गद्याच्या 34 पैकी 18 गुण दुसऱ्या प्रश्नाचे: न वाचलेला उतारा 12, सारांश 3, माइंड मॅपिंग 3. ‘न वाचलेला’ या शब्दातच सगळं आलं. त्यावर सेटमध्ये एक ओळ होती, ‘उतारा सोपा येईल’.

सगळ्यात वाईट रसग्रहणाचं. चार गुणांसाठी कुठल्याही कवितेला चालेल असं एकच तयार उत्तर दिलं होतं, त्यात ‘यमकरचना ए-ए-बी-बी आहे’ हे वाक्य पक्कं. ‘द इंचकेप रॉक’ला ते चालून जाईल. ‘फादर रिटर्निंग होम’ आणि ‘साँग ऑफ द ओपन रोड’ मात्र मुक्तछंदात आहेत, तिथं यमकरचनाच नाही. तपासणाऱ्याला पहिल्या दोन ओळींत कळतं की पोरानं कविता वाचलेली नाही. खरं तर रसग्रहणाच्या कवितेच्या ओळी पेपरात छापलेल्या असतात. ओळींचे शेवट बघून यमक आहे की नाही ते ठरवा, दोन अलंकार ओळीसकट दाखवा, आशय दोन वाक्यांत आणि आपलं मत एका वाक्यात लिहा. एवढ्यात काम होतं.

कादंबरीतही असाच घोळ. ‘टू सर, विथ लव्ह’, ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आणि ‘द साइन ऑफ फोर’ यांचे पाठ्यपुस्तकात फक्त उतारे आहेत. सेटमध्ये मात्र अख्ख्या गोष्टी, दीड-दीड पान. उत्तर हवं असतं साधारण 50 शब्दांचं, पात्राबद्दल किंवा प्रसंगाबद्दल नेमकं. दीड पान उतरवणाऱ्याचा वेळ जातो आणि न वाचलेला उतारा अर्धा राहतो.

पाठ्यपुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. जुन्या कृतिपत्रिका कॉलेजात मागा, बहुतेक सरांकडं असतात. तीन तास लावून निदान दोन सोडवा आणि दुसऱ्या प्रश्नाला 45 मिनिटं राखून ठेवा. शेवटी वाढीव 10 मिनिटं मिळतात, ती राहिलेले प्रश्न बघायला.

पैसे गेलेच असतील तर लाजून बसू नका. ‘मीच पेपर विकत घ्यायला गेलो होतो, तक्रार कशी करू?’ या लाजेवरच विकणाऱ्याचा धंदा चालतो. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात आणि अडवणं अवघड होतं. खातं बहुधा वडिलांचं असतं, म्हणून घरी सांगावंच लागतं. व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर, तारीख, वेळ आणि रक्कम जवळ ठेवा. चॅट पुसू नका, ग्रुप सोडण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. आणि ‘निदान आपण तरी वसूल करू’ म्हणून ती पीडीएफ मित्राला शंभर रुपयांत विकू नका. दारव्ह्याकडच्या त्या तिघांतल्या एकाच्या डोक्यात हे आलं होतं.

विकणाऱ्याचा नंबरही जपून ठेवा. जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेआधी असलीच चॅनेलं नव्या नावानं उघडतात, आणि कधीकधी क्यूआर कोड जुनाच असतो.