गिटारचे टवके, सुपर ग्लू आणि ते टोपण : आठ महिने वापरून

बाटली पुन्हा दगड झाली. २० ग्रॅमची, मध्यम दाट, वर ‘खास लाकडासाठी’ असं छापलेली. त्यातला जेमतेम ४ ग्रॅम गोंद कामाला आला असेल. मार्चमध्ये अशीच पहिली बाटली आणली तेव्हा पाचपैकी पाच गुण द्यायची तयारी होती. आता ऑक्टोबर सरत आलाय. तीन गिटारींवरचे मिळून ११ टवके भरून झाले आणि त्यातले ९ बोट ठेवून दाखवल्याशिवाय कळत नाहीत. म्हणजे गोंद पास. नापास आहे ते टोपण, आणि त्याबद्दल जरा लांबण लागणार आहे.

आधी कामाचं. हे सगळं पॉली (पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर) फिनिशच्या चकचकीत गिटारींना लागू. शंका असेल तर स्ट्रॅपचं, म्हणजे पट्टा अडकवायचं, बटण काढून त्याखाली इअरबडने थिनरचा ठिपका द्या. काही झालं नाही तर पॉली. चिकट झालं तर नायट्रो लॅकर. नुसत्या स्पिरिटनेच मऊ पडलं तर चपडी, म्हणजे लाखेचं पॉलिश, मिरजेच्या तंबोऱ्यांवर हात मारतात तीच. चपडीला चपडी आणि नायट्रोला नायट्रोच भरावं, नवा थर जुन्यात मुरून एकजीव होतो. पॉली मुरू देत नाही, म्हणून तिथे खड्डा बुजवणं एवढंच हातात असतं. थिनर कडेच्या प्लास्टिकच्या पट्टीला मात्र लागू देऊ नका, पट्टी वितळते. मॅट फिनिशवर तर हा उद्योगच नको. टवका भरेल, पण तिथे कायमचा चकाकता ठिपका राहील.

टवक्याची सुटलेली कड नखाने उडवून टाका. लायटरच्या पेट्रोलने पुसा, जुन्या पॉलिशचं सिलिकॉन राहिलं तर गोंद धरत नाही. खाली कोरं लाकूड उघडं पडलं असेल तर आधी चपडीचा एक बारीक हात द्या आणि वाळू द्या. हे न करता पातळ गोंद सोडला की तो स्प्रूसच्या (गिटारच्या वरच्या फळीचं फिकट, मऊ लाकूड) रेषांतून पसरतो आणि तेलाचा डाग पडल्यासारखं लाकूड काळवंडतं. दिसणाऱ्या दोन टवक्यांतला एक असाच बिघडलाय. तो डाग आता निघत नाही.

गोंद सुईच्या टोकाने थेंब थेंब सोडायचा. एका दमात खड्डा भरू नका. वरून साय धरते, आत ओलं राहतं आणि महिन्याभराने मधोमध बसकण मारतं. दुसरा दिसणारा टवका हा. तीन-चार पातळ थर, दोन थरांत काही तास, शेवटचा थर किंचित उंच, मग निदान एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही. ॲक्सिलरेटरचा, म्हणजे गोंद झटपट घट्ट करणारा, फवारा मारला तर गोंद उकळल्यासारखा फेसाळतो आणि बुडबुडे आतच राहतात. सुती चिंधीने गोंद पुसायला जाऊ नका, कापसावर तो इतका तापतो की धूर निघतो.

उंचवटा उतरवायला दाढीचं पातं घ्या. दोन्ही टोकांना सेलोटेप गुंडाळा, मधे ५-६ मिलिमीटर धार उघडी ठेवा. टेप आजूबाजूच्या फिनिशवर सरकते आणि धार फक्त उंचवटा खरवडते. पातं काही काढेनासं झालं की १०००, १५००, २००० नंबरचे वॉटर पेपर (ओले वापरायचे पॉलिश पेपर), खोडरबराला गुंडाळून, साबणाच्या पाण्यात. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. कडेला जपून, तिथे थर पातळ असतो, तो आधी फाटतो. ब्रिजच्या (तारा अडकतात त्या पट्टीच्या) भोकांत पाणी जाऊ देऊ नका. शेवटी रबिंग कंपाऊंड. ते गिटारच्या दुकानात शोधत बसू नका, बेळगावात उद्यमबागेकडे गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतं. बारीक मागा, जाड कंपाऊंड काळ्या गिटारीवर बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं विणून ठेवतं.

आता टोपण. हा गोंद हवेतल्या ओलीने घट्ट होतो, वाळून नव्हे. आपल्या बेळगाव जिल्ह्यात तर एकाच बाटलीच्या दोन तऱ्हा होतात. अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात थेंब रेंगाळतो, खोलीत ओला टॉवेल टांगावा लागतो. खानापूर-कणकुंबीकडे मृग लागला की तोच थेंब सुईवरच धरतो आणि टवक्याभोवती पांढरी राख बसते. ती राख म्हणजे गोंदाची वाफ ओलीला भेटून खाली बसलेली. चकचकीत फिनिशवरून कंपाऊंडने निघते, पण काम वाढतं. हळू पंखा लावून ती वाफ बाजूला काढली तर राख कमी. पावसाळ्यात करायचंच असेल तर उघडीप बघून दुपारी करा.

आणि अशा हवेत बाटलीवाल्याने दिलंय काय? नळीवर टेकणारं टोपण. दर वेळी नळीत राहिलेला थेंब टोपणाला घट्ट करून टाकतो. टाचणीने भोक मोकळं करा, पुढच्या वेळी आणखी खोलवर बुजलेलं. नळी थोडी कापा, भोक मोठं होतं आणि ओल आणखी आत जाते. वापरून झाल्यावर बाटली उभी आपटून थेंब खाली उतरवायचा, नळी कोऱ्या कागदाने पुसायची, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बरणीत बाटली उभी ठेवायची. एवढं सगळं करून दुसरी बाटली पहिलीपेक्षा सहा आठवडे जास्त टिकली. फ्रिज न उघडलेल्या बाटलीला ठीक. उघडलेली ठेवली तर बाहेर काढून तासभर थांबल्याशिवाय टोपण काढू नका, थंड बाटलीत ओल धरते. चार थेंबांसाठी एवढी सोवळ्याची पूजा कशाला हो?

म्हणून मार्चमधलं मत बदललंय. पाच रुपयांची छोटी ट्यूब तेव्हा हिणवली होती, पातळ आहे, ओघळते म्हणून. ओघळते हे खरंच. पण टवक्याभोवती सेलोटेपचं कुंपण घातलं आणि थेंब सुईनेच सोडला की तीच ट्यूब बारीक टवक्यांना पुरते. दर वेळी ताजी, उरली तर फेकताना जीव तुटत नाही. ११ पैकी शेवटचे ५ याच ट्यूबने भरलेत. वाया गेलेल्या दोन बाटल्यांच्या पैशांत अशा कितीतरी ट्यूब आल्या असत्या.

दाट गोंद लागतो तो खोल पोच्याला आणि उभ्या बाजूवरच्या टवक्याला, तिथे पातळ टिकतच नाही. त्यासाठी ५ ग्रॅमची बाटली मिळाली तर घ्यायची. २० ग्रॅमचीच मिळाली तर वाजवणारे दोघे-तिघे मिळून एकाच दुपारी सगळ्या गिटारी काढायच्या, आणि तेही मृगाच्या आधी.